डोळ्यांनींहि ऐकूं येतें

गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा हें नागझिऱ्याच्या अरण्यालगतचें गांव झाडीपट्टींत मोडतें. या मुलखांत दंडारीचा खेळ रंगला म्हणजे वाद्यांच्या गजरांत नटाचे शब्द बुडूं लागतात. तरीहि ज्यास नटाचें तोंड दिसतें त्यास संवाद उमगतो. त्याच अंतरावर, परंतु दुसऱ्याच्या पाठीआड बसलेल्याचे शब्द निसटतात. ऐकण्याच्या कामीं कानांस डोळ्यांचें साहाय्य होत असतें, तें असें.

‘मळ’ आणि ‘नळ’ हे शब्द गोंगाटांत कानांस सारखेच भासतात. पण ‘म’ म्हणतांना ओंठ मिटतात, ‘न’ म्हणतांना मिटत नाहींत, आणि हा भेद डोळा तत्काळ टिपतो. उलट ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ हे तिन्ही शब्द ओंठांवर एकसारखेच दिसतात. तेथें निवाडा कानानेंच करावयाचा. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. गोंगाट वाढेल तसतसा वक्त्याचा चेहरा दिसण्याचा लाभहि वाढतो, हें १९५४ सालीं अमेरिकेंत सम्बी व पोलॅक यांनीं प्रयोगानें दाखविलें.

हाच साहाय्यक कधीं कानांस चकवितोहि. १९७६ सालीं इंग्लंडांत हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनल्ड यांनीं ‘ग’ उच्चारणाऱ्या चेहऱ्याच्या चलच्चित्रास ‘ब’चा ध्वनि जोडला. बहुतेक प्रौढांस ऐकूं आला तो ‘ड’! डोळे मिटतांच मूळचा ‘ब’ स्पष्ट ऐकूं येई. याची उपपत्ति अशी सांगतात: ‘ब’ला ओंठ मिटावे लागतात, ते मिटलेले दिसत नाहींत, ‘ग’ची साक्ष कान देत नाहीं, तेव्हां मेंदु कंठ आणि ओंठ यांच्या मधला, जिभेच्या टोकानें उच्चारावयाचा वर्ण पसंत करतो. हा भ्रम सर्वांस सारखाच होतो असें नाहीं. पण ज्यास होतो त्याचा तो युक्ति कळल्यानेंहि सहसा जात नाहीं.

घरांतील वडील माणसांस कमी ऐकूं येऊं लागलें म्हणजे मंडळी स्वयंपाकघरांतूनच ओरडून बोलतात, आणि उत्तर न आल्यास ‘त्यांचें लक्षच नसतें’ असा ठपका ठेवतात. २०२० च्या साथींत मुखपट्ट्या आल्या, तेव्हां ओंठ पाहून बोलणें समजून घेणाऱ्यांची मोठीच अडचण झाली. घरांत तर तशी पट्टी नसते. केवळ चार पावलें चालण्याचा कंटाळा असतो. म्हणून आवाज चढविण्यापूर्वीं समोर जावें, तोंडावर उजेड पडेल असें बसावें आणि सावकाश बोलावें. वर्गांत फळ्याकडे तोंड करून शिकविणाऱ्या शिक्षकानेंहि, शेवटच्या बांकावरील मुलास मंद ठरविण्यापूर्वीं, एकदां मागें वळून बोलून पाहावें.