विश्लेषण : सागरी किल्ल्यांच्या छायाचित्रणात सूर्याइतकीच भरती-ओहोटी का महत्त्वाची?

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकण किनाऱ्यावरचे चार किल्ले आहेत. तेव्हापासून या किल्ल्यांकडे पर्यटकांबरोबर हौशी छायाचित्रकारांचीही पावले वळू लागली आहेत. मात्र समुद्राच्या सान्निध्यातील वास्तू केवळ नैसर्गिक प्रकाशात टिपणे वाटते तितके सोपे नसते. असे का, याविषयी…

सूर्यास्ताच्या वेळी किल्ला काळा का दिसतो?

कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. अलिबाग, राजपुरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून कुलाबा, जंजिरा आणि सिंधुदुर्ग पाहताना आपल्यासमोर असते ती त्यांची जमिनीकडची, म्हणजे साधारण पूर्वेची बाजू. संध्याकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो आणि छायाचित्रात उरते ती केवळ बाह्याकृती. आकाशाचे रंग हवे असतील तर ही वेळ उत्तम. पण तटबंदी, बुरूज आणि दरवाजाचे तपशील हवे असतील तर सकाळचे पहिले दोन तासच योग्य. ऋतूनुसारही फरक पडतो. डिसेंबरमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, तर जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. त्यामुळे हिवाळ्यात किल्ल्यांच्या उत्तर भिंती दिवसभर सावलीत राहतात. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावर ऊन पडते.

भरती-ओहोटीचे गणित काय?

कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री येते. ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास असते. म्हणजे पाणी सर्वाधिक मागे हटते तेव्हाच प्रकाशही तिरका आणि मऊ असतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, ओहोटी भरदुपारी येते. कोळीबांधवांना हे गणित तोंडपाठ असते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हेही ध्यानात ठेवावे लागते. सकाळची ओहोटी संपली की पाणी लगेच चढू लागते. त्यामुळे ‘आणखी एक फोटो’ या मोहात परतीची वाट बंद होऊ शकते. प्रकाश उद्याही मिळेल. पाण्याची वेळ चुकवून चालत नाही.

जांभा आणि काळा दगड कॅमेऱ्याला का फसवतात?

जंजिरा किंवा कुलाब्याची तटबंदी काळ्या दगडाची, तर मागे चकाकते पाणी आणि आकाश. कॅमेरा उजेडाची सरासरी काढतो. पाणी-आकाश चौकटीत जास्त असेल तर भिंत काळीकुट्ट होते आणि भिंत जास्त असेल तर आकाश पांढरेफटक पडते. अशा वेळी आकाशाचा तपशील जपेल इतका कमी उजेड घ्यावा आणि छायाचित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवून नंतर सावल्या उजळाव्यात, हा सर्वसाधारण मार्ग. जांभ्याचा तांबडा रंग सकाळ-संध्याकाळच्या उन्हात खुलतो. दुपारच्या उन्हात तो फिका पडतो.

मग ढगाळ दिवस वाया जातो का?

उलट बागा आणि वाड्यांसाठी तोच चांगला. नारळी-पोफळीखाली उन्हात कवडसे पडतात आणि चित्र ठिपक्याठिपक्यांचे होते. ढगाळ प्रकाशात हिरव्या रंगाच्या छटा वेगळ्या दिसतात. ओल्या पानांवरची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी करता येते. रत्नागिरीचा थिबा राजवाडा हे याचे चांगले उदाहरण. पदच्युत ब्रह्मी राजा थिबासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेल्या या तीन मजली वास्तूच्या कोरीव लाकडी, अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि भोवतालची झाडी कडक उन्हात एकत्र टिपणे अवघड जाते. पातळ ढगांत दोन्ही साधतात. पावसाळ्यात जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. तेव्हा अशा जमिनीवरच्या वास्तूंकडे वळता येते.

या छायाचित्रांचा उपयोग काय?

भिंतीला घासून जाणाऱ्या तिरक्या उन्हात भेगा, सांधे आणि झीज ठळक दिसते. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून खोल गेले आहेत, पण त्यांमधला चुना अजून उभा आहे. समोरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात ही गोष्ट नजरेतून सुटते. एकाच जागेवरून, त्याच ऋतूत आणि त्याच वेळी दरवर्षी टिपलेली छायाचित्रे झीज किती वाढली, झाडांची मुळे कुठे शिरली, कोणता चिरा निखळला हे सांगू शकतात. त्यासाठी तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि भरती-ओहोटीची स्थिती यांची नोंद हवी. एरवी ते केवळ सुंदर चित्र राहते.

कोणती काळजी घ्यावी?

संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड आणि व्यावसायिक चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी लागते. ड्रोनचे नियम वेगळे आहेत. चांगल्या कोनासाठी ढासळत्या तटावर चढणे जिवाला आणि वास्तूलाही धोक्याचे. खारे तुषार भिंगावर बसतात, ते कोरड्या फडक्याने घासल्यास ओरखडे पडतात; आधी फुंकणीने कण उडवून मग ओलसर मऊ कापडाने पुसावे. खाऱ्या हवेने एका दिवसात भिंग खराब होऊ शकते, तर तीच हवा साडेतीन शतके सोसणाऱ्या दगडांची अवस्था वेळोवेळी टिपून ठेवणे किती गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.