चुणी, प्लेट, कळी आणि घेर

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईला तोंड फुटतं आणि कोल्हापुरात महाद्वार रोडवर खरेदीची झुंबड उडते. पूर्वी नवरीला शालू आणि करवलीला खणाचा परकर घेतला की काम भागे. आता स्वागतसमारंभाला नवरीसाठीही घागरा शिवतात. घरची माणसं शिंप्यापुढं कापड ठेवतात आणि सांगतात, "मास्तर, घेर भरपूर ठेवा बरं का!" मास्तर मान डोलावतात. पण 'घेर' म्हणजे काय, हे दोघांच्या मनात एकच असतं का? नसलं तर महागाचं कापड वाया जातं. कापलेलं पुन्हा जुळत नाही, आणि मुहूर्त काही थांबत नाही. म्हणून या शब्दांचे अर्थ नीट पाहू.

घेर म्हणजे खालच्या कडेचं सगळं माप. कंबर २८ इंच आणि घेर १०८ इंच, म्हणजे तीन वार, असं असू शकतं. वर थोडं आणि खाली पुष्कळ, हे जमवायचं कसं? त्याच्या निरनिराळ्या रीती म्हणजेच बाकीचे शब्द.

पहिली रीत चुण्यांची. कापडाच्या कडेला धावदोरा घालून तो ओढला की कापड आक्रसतं आणि बारीक सुरकुत्या पडतात. त्या चुण्या. परकराच्या नेफ्यात नाडी ओवून ओढली, तरी पडतात त्या चुण्याच. मऊ, पातळ कापडाला त्या शोभतात. जाड रेशमाला घातल्या तर कंबर फुगीर दिसते.

दुसरी प्लेट. लुगड्याच्या निऱ्या आपण रोज घालतो आणि रोज सोडतो. तीच निरी मोजून, इस्त्रीनं बसवून शिवून टाकली की झाली प्लेट. आजकालच्या शिवलेल्या नऊवारीत निऱ्यांचं हेच होतं. प्लेटी एकीला एक लागून घातल्या, तर प्रत्येक ठिकाणी कापडाचे तीन थर येतात. म्हणून २८ इंच कंबरेला ८४ इंच कापड हवं, शिवणीचं वेगळं.

तिसरी कळी. वर अरुंद, खाली रुंद अशी ही पट्टी. सहा कळ्या जोडल्या की कंबरेला जाडी न येता खाली घेर मिळतो. राजस्थानात तर घागऱ्याची थोरवी कळ्यांच्या संख्येवरून सांगतात. एक कळी सुलटी, दुसरी उलटी अशा आखल्या की कापड वाचतं. मात्र नक्षीतली फुलं एकाच दिशेनं उभी असतील, तर निम्म्या कळ्यांवर ती डोक्यावर उभी राहतील!

चौथी रीत अंब्रेलाची. हा कापडाचा पुरा गोल असतो, मधे कंबरेएवढं भोक. ३६ इंच उंचीला घेर सुमारे २५४ इंच, म्हणजे सात वार भरतो. ४४ इंची पन्ह्यात तो एकसंध बसत नाही, जोड द्यावेच लागतात. शिवाय काही भाग उरेब येतो आणि लोंबून वाढतो. म्हणून रात्रभर टांगून ठेवावा आणि मगच खालची दुमड घालावी.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. आईचा काठापदराचा शालू मोडून लेकीला घागरा करायचा असतो. शालूचा काठ सरळ. अंब्रेलाच्या गोलाला तो सुरकुत्यांशिवाय वळत नाही, आणि कळ्या कापल्या तर काठाचे तुकडे होतात. काठ अखंड हवा असेल, तर चुण्या किंवा प्लेटीच घ्याव्यात. साडेपाच मीटर साडी म्हणजे सहा वार, २१६ इंच. ती सगळी कंबरेला कोंबायची गरज नाही. १०८ इंच पुरतात. जाड रेशीम असेल तर प्लेटी बऱ्या. उरलेल्यात पोलकं होतं आणि पदरही शाबूत राहतो.

तेव्हा मायबहिणींनो, शिंप्याला 'भरपूर' असं सांगू नका. कंबर, उंची आणि घेर हे तीन आकडे सांगा, आणि रीत कोणती तेही सांगा. कात्री लावण्याआधी सगळं कागदावर लिहून घ्या.

गुरुजनांनाही एक सुचवावंसं वाटतं. १२ इंचांची कागदी पट्टी मुलांना द्या आणि तिच्या लागून लागून प्लेटी घालायला सांगा. पट्टी चार इंचांची होईल. वर्तुळाचा परीघ शिकवताना अंब्रेलाची कंबर काढायला द्या. २८ इंचांना त्रिज्या साडेचार इंचांच्या जवळ येते. शिवणकामातलं हे गणित मुलींइतकंच मुलांनाही उपयोगी पडेल.