तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता?

कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सकाळभर बसलं, तर एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘डॉक्टर, फार अशक्तपणा आहे.’ हातापायांत त्राण नाही, डोकं जड असतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, कशात मन लागत नाही. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ अशा तपासण्या होतात. काहींच्या त्रासाचं कारण तिथेच सापडतं. बाकीच्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यांना टॉनिक लिहून दिलं जातं आणि महिन्याभरात ती माणसं दुसऱ्या डॉक्टरच्या रांगेत उभी असतात.

या माणसांना नेमकं काय होतंय, याचा माग पुण्यात पद्धतशीरपणे काढला गेला. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. वासुदेव परळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविकार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांमध्ये थकवा किंवा अशक्तपणा घेऊन आलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. या अभ्यासात लक्षणांच्या यादीपुढे खुणा करून काम संपवलेलं नव्हतं. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, याआधी कुठे कुठे जाऊन आलात, हेही रुग्णांना विचारलेलं होतं. माणसाने वैद्यांचं दार ठोठावलं की मनोविकारतज्ज्ञांचं, हे पुष्कळदा या उत्तरांवर ठरतं. आणि दार बदललं की केसपेपरवरचं निदानही बदलतं.

चिकित्सालयीन मानसशास्त्रात संस्कृतीचं काम नेमकं इथे सुरू होतं. ‘सांस्कृतिक विविधता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सण, पोशाख, खाणंपिणं येतं. तपासणीच्या खोलीत मात्र प्रश्न फार नेमके असतात. हा माणूस दुःख कोणत्या शब्दांत सांगतो? ते कुणाला सांगणं त्याला शोभतं असं वाटतं? उपचार म्हणजे काय, अशी त्याची समजूत आहे? याची उत्तरं चुकली तर निदान चुकतं आणि औषधही चुकीचं दिलं जातं.

पुण्यातल्या कामाच्या आधीची एक कडी चीनमधली आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन हुनान प्रांतात गेले. तिथे ‘मज्जासंस्थेचा अशक्तपणा’ असं निदान झालेले शंभर रुग्ण त्यांनी तपासले. त्यांच्यापैकी ८७ जण पाश्चात्त्य निकषांनुसार तीव्र नैराश्याचे रुग्ण ठरत होते. पण डोकेदुखी, चक्कर, थकवा हीच आपली खरी व्यथा, असं ते सांगत. त्याआधीच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात उदास असणं म्हणजे विचार चुकीचे असणं, असा अर्थ लावला जाई आणि त्याची किंमत मोजावी लागे. दुखणारं डोकं कबूल करणं त्या मानाने सुरक्षित होतं. हे रुग्ण काही लपवत नव्हते. जे भोगलं ते, ज्या भाषेत ते सांगता येत होतं त्या भाषेत, सांगत होते.

यावरून ‘पौर्वात्य माणसं मनाचं दुखणं शरीरातून बोलतात, पाश्चात्त्य माणसं मनातून’ असा ठोकळा पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. तो खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या पाहणीतून १९९९ साली पुढे आलेले आकडे असे : प्राथमिक दवाखान्यात आलेल्या नैराश्यग्रस्तांपैकी ६९ टक्के लोकांनी आपणहून फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या. मात्र मनाबद्दल थेट विचारल्यावरही ‘तसं काही नाही’ म्हणणारे होते अवघे ११ टक्के. अंगदुखी पुढे करणं ही कुण्या एका खंडाची मक्तेदारी नाही, हा यातला पहिला धडा. दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो : विचारलं, तर माणसं सांगतात.

संस्कृती फक्त रुग्णाच्या खुर्चीत बसलेली असते, हा आणखी एक गैरसमज. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच चित्रफिती अमेरिकन आणि ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या. त्यातल्या एका रुग्णाला स्किझोफ्रेनिया आहे, असं ६९ टक्के अमेरिकन डॉक्टरांचं मत पडलं. ब्रिटिश डॉक्टरांपैकी तसं म्हणणारे होते २ टक्के. भाषा एकच, वैद्यकीय परंपरा एकमेकींच्या इतक्या जवळच्या, रुग्ण आणि त्याचे शब्दही तेच. फरक होता तो पाहणाऱ्यांच्या शिक्षणात आणि सवयीत. हा निष्कर्ष मनोविकारशास्त्राला हादरवणारा होता. पुढे निदानाचे निकष काटेकोरपणे शब्दबद्ध झाले, त्यामागे अशा अभ्यासांचा मोठा वाटा आहे.

निकष एकसारखे झाले तरी अनुभव एकसारखे होत नाहीत. मानवशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानाची राजधानी अक्रा आणि चेन्नई इथे स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून त्यांना ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल विचारलं. आजार तोच, आवाजही खरेखुरे ऐकू येणारे. अमेरिकेतल्या रुग्णांना ते हिंसक, परके, आपल्या मेंदूच्या बिघाडाचं लक्षण वाटत. अक्रामधल्या बहुतेकांना देवाचा आवाज ऐकू येई. चेन्नईत निम्म्याहून अधिक रुग्ण नातेवाइकांचे आवाज ऐकत. ते रागावत, पण आंघोळ कर, हे काम उरक, असंही सांगत. याचा अर्थ आपल्याकडे स्किझोफ्रेनिया सौम्य असतो, असा कुणी घेऊ नये. त्या घरांतले हाल कमी नसतात. पण आवाजांशी रुग्णाचं नातं कसं आहे, हे समजल्याशिवाय त्याच्याशी बोलायला सुरुवात कुठून करायची, हे मानसशास्त्रज्ञाला कळणार नाही.

मग करायचं काय? जगातल्या प्रत्येक समाजाच्या चालीरीती डॉक्टरला पाठ असणं अशक्य आहे आणि तशी पाठ केलेली माहिती घातकही ठरते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ साली निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. तुमची अडचण घरच्यांना किंवा मित्रांना सांगायची झाली, तर कशी सांगाल? तिच्यातलं सर्वांत जास्त काय खुपतं? हे का होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि तुमच्या माणसांना काय वाटतं? आतापर्यंत कुणाकुणाची मदत घेतली? काय आड आलं? शेवटचा प्रश्न सर्वांत धीट आहे. डॉक्टर आणि रुग्ण वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून आलेले असले की कधी कधी गैरसमज होतात. तुम्हाला तशी काही काळजी वाटते का, असं डॉक्टरनेच रुग्णाला विचारायचं असतं. ही मुलाखत पुस्तिकेत येण्याआधी सहा देशांत तपासून पाहिली गेली आणि भारतातली चाचणी ज्या ठिकाणी झाली, त्यांत पुणे होतं. रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर या तिघांचाही कौल एकंदरीत अनुकूल आला. अडचण होती ती वेळेची. मुलाखतीला वीसेक मिनिटं लागतात, आणि आपल्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला तेवढी येत नाहीत.

अशा प्रश्नांची खरी ताकद पाहायची तर हरारेला जायला हवं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल झिम्बाब्वेत काम करायला गेले. तिथल्या शोना भाषकांसाठी परदेशी प्रश्नावलीचा नुसता अनुवाद करून त्यांनी भागवलं नाही. रुग्ण, गावातले आरोग्यसेवक, पारंपरिक वैदू अशा सगळ्यांना विचारून लोकांच्या बोलण्यातली लक्षणं गोळा केली. त्यांत वारंवार पुढे येई ते ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार. विचारांनी डोकं पोखरलं जाणं हे लोकांच्या मते त्रासाचं लक्षणही होतं आणि कारणही. यातून हो-नाही उत्तरांची १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार झाली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली.

याच प्रश्नावलीच्या आधारावर पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांचं काम उभं राहिलं. त्यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून दवाखान्यात येऊ शकली नाही आणि तिने आयुष्य संपवलं. अख्ख्या देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत चिबांडांनी १४ आज्यांना हाताशी धरलं. त्या वस्तीत आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या, सगळ्यांच्या ओळखीच्या बायका होत्या. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. बाकाचं आधीचं नाव ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असं होतं, म्हणून कुणी फिरकेना. नाव बदला, असं आज्यांनीच सुचवलं आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. उपचाराचा गाभा होता समस्या सोडवण्याची, जगभर सिद्ध झालेली पद्धत : मन मोकळं करायचं, अडचणींमधली एक निवडायची, तिच्यावर झेपेल असा उपाय ठरवायचा आणि पुढच्या भेटीत त्याचा पाठपुरावा करायचा. २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी १३.७ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं उरली होती. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण होतं ४९.९ टक्के.

पटेलांनी सहकाऱ्यांसोबत १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. तिथे स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. नैराश्यावरच्या त्यांच्या उपचारात सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट अर्ध्या-पाऊण तासाची. सुटून गेलेली, एरवी आवडणारी कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायची, हा त्याचा गाभा. बोलताना भर ‘टेन्शन’सारख्या रोजच्या शब्दांवर. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी हा उपचार घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. इतरांत ३९ टक्के. त्याआधीच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच मोठ्या चाचणीत समुपदेशकांचा फायदा सरकारी केंद्रांत दिसला, पण खासगी डॉक्टरांकडे दिसला नाही. तोच प्रदेश, तीच भाषा, तरी निकाल वेगळा. दवाखान्याचीही एक संस्कृती असते, हे त्यातून लक्षात येतं.

हरारे आणि गोवा, दोन्हीकडे उपचाराचा गाभा विज्ञानाने तपासलेला होता. तो बदलला नाही. बदललं ते त्याचं दार : कोण बोलणार, कुठे बसून, कोणत्या शब्दांत. संस्कृतीच्या नावाखाली पुरावा सोडून द्यायला सांगणाऱ्यांनी आणि विज्ञानाच्या नावाखाली रुग्णाचं म्हणणं कापून टाकणाऱ्यांनी, दोघांनीही हे आकडे नीट पाहावेत.

आपल्याकडे हा मुद्दा विशेष नाजूक आहे. ‘बाहेरचं आहे’, ‘कुणीतरी करणी केलीय’ असं रुग्णाचे नातेवाईक सांगतात, तेव्हा अंधश्रद्धेविरुद्ध पोटतिडकीने काम करणाऱ्या महाराष्ट्रात त्यांना तिथेच गप्प करण्याचा मोह होतो. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अत्यंत गरजेचा होता. मारहाण, साखळदंड, फसवणूक यांना माफी नको. पण देवऋषीकडे जाऊन आलात का, त्याने काय सांगितलं, गोळ्या बंद करायला लावल्या का, हे विचारणं म्हणजे त्याला मान्यता देणं नव्हे. हे विचारलं नाही, तर औषध का थांबलं हे डॉक्टरला कधीच कळणार नाही.

विविधता महाराष्ट्राच्या आतही आहे. मेळघाटात कोरकू बोलली जाते, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमत्ता मराठी चाचणीने मोजली, तर त्याचं मराठी मोजलं जाईल. या धोक्याची जाण आपल्याकडे जुनी आहे. बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी जशीच्या तशी चालणार नाही, हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. नव्वद वर्षांपूर्वी जे दोन भाषांसाठी झालं, ते आदिवासी भाषांसाठी अजून होत नाही, याची खंत वाटायला हवी. शिवाय एकाच गावात, एकच मराठी बोलणाऱ्या दोन घरांतही जात, वर्ग आणि बाईचं घरातलं स्थान यांमुळे दुःख सांगण्याची मुभा वेगवेगळी असते. नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईने ‘अशक्तपणा’ एवढंच सांगितलं, तर तिच्याशी काही मिनिटं एकटीशी बोलणं हीच तिची खरी तपासणी असते.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. वीस मिनिटांची मुलाखत प्रत्येकाला देता येणार नाही, हे मान्य. पण ‘तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता?’ आणि ‘तो कशामुळे झाला असं वाटतं?’ हे दोन प्रश्न विचारायला दोन मिनिटं पुरतात. ते मानसशास्त्राच्या मराठी अभ्यासक्रमात, आशा सेविकांच्या प्रशिक्षणात आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर असायला हवेत.

आणि वाचकहो, तुम्ही स्वतः किंवा तुमचं माणूस मदत घ्यायला जाल, तेव्हा इंग्रजी नावं शोधत बसू नका. जे होतंय ते आपल्या शब्दांत सांगा, आधी कुठे जाऊन आलात तेही न लाजता सांगा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते, क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीत बोलता येतं.