संकेतस्थळांची उभारणी : फ्रेमवर्क की घटक-संच?

भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. येथील रूळ ठरावीक मापाचे असल्यामुळेच ते देशात दूरदूरच्या मार्गांवर बसवता येतात. संकेतस्थळांच्या उभारणीतही प्रमाणित भागांचे हेच तत्त्व उपयोगी पडते. दाखला, कर किंवा तक्रार यांसाठी भिलाईतील नागरिक आज मोबाईलकडे वळतो. त्यामुळे पडद्यामागील साधनांची निवड हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही.

दोन साधने, दोन कामे

फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळाच्या वर्तनाची चौकट. नागरिकाने माहिती भरल्यावर पडद्यावर काय बदलावे, हे ती ठरवते. गूगलचे अँग्युलर आणि २०१४ मध्ये आलेले व्ह्यू ही त्याची उदाहरणे होत. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिअ‍ॅक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवत असले, तरी त्याचा विचार याच गटात केला जातो. घटक-संचात मात्र बटण, रकाना, तक्ता, दिनदर्शिका असे तयार भाग असतात. ट्विटरने २०११ मध्ये खुले केलेले बूटस्ट्रॅप या प्रकारचे आहे. ही साधने एकमेकांना पर्याय नसून बहुधा पूरक ठरतात.

निवडीचे निकष

पहिला निकष गरजेचा. केवळ माहिती देणाऱ्या पानांना फ्रेमवर्क लागतेच असे नाही. अनावश्यक आज्ञावलीचा भार साध्या मोबाईलवर आणि मंद जोडणीवर नागरिकालाच सोसावा लागतो. अनेक टप्प्यांचा अर्ज असेल, तर फ्रेमवर्क उपयुक्त ठरते.

दुसरा निकष आयुष्याचा. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसला मिळणारे अधिकृत साहाय्य २०२१ अखेर थांबले. २०१६ चे अँग्युलर नव्याने रचलेले असल्याने जुनी संकेतस्थळे बऱ्याच अंशी पुन्हा लिहावी लागली. म्हणून साधन जाणणारे मनुष्यबळ जवळपास उपलब्ध होईल का, हेही पाहावे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईसारख्या संस्था येथे साहाय्यभूत ठरू शकतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष सुगम्यतेचा. डोळ्यांना बटण दिसणारा भाग पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला बटण म्हणून ओळखता आला नाही, तर दृष्टिहीन नागरिकाचा अर्ज तेथेच अडतो. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

सामायिक मार्ग

प्रत्येक कार्यालयाने वेगळी चूल मांडण्याची गरज नाही. जिल्हा संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा 'एसथ्रीवास' हा मंच आहे, तर 'यूएक्सफोरजी' उपक्रमाने शासकीय वापरासाठी घटक-संच उपलब्ध केला आहे. प्रथम असा तपासलेला घटक-संच स्वीकारावा आणि गरज सिद्ध झाल्यावरच फ्रेमवर्क जोडावे. साधनांच्या लोकप्रियतेचे वारे बदलत राहतात. नागरिकाचा अर्ज विनासायास पूर्ण होणे, हीच निवडीची खरी कसोटी होय.