चिपळूण ते श्रीनगर : अब्बांचा राहिलेला प्रवास

चिपळूणहून श्रीनगरला गाडीने जायचे ठरले तेव्हा नातेवाइकांचे तीन प्रश्न होते. विमान असताना गाडी कशाला? अब्बा शहात्तर वर्षांचे, त्यांना झेपेल का? तिसरा प्रश्न मोठ्याने कुणी विचारला नाही. निघताना चपला घालता घालता हळूच विचारला : दिवस असे आहेत, इतकी राज्ये ओलांडून जाणार, वाटेत काही झाले तर?

पहिल्याचे उत्तर सोपे होते. अब्बांना श्रीनगरपेक्षा श्रीनगरचा रस्ता बघायचा होता. एकतीस वर्षे त्यांनी एस.टी. चालवली. चिपळूण डेपोच्या मुक्कामी गाड्या, पुण्याच्या गाड्या, पावसाळ्यात धुक्याने भरलेला कुंभार्ली घाट. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. पण त्यांची गाडी कधी राज्याच्या हद्दीबाहेर गेली नाही. पुण्याला मार्केट यार्डाजवळ ते काश्मीरहून सफरचंदे घेऊन आलेले ट्रक बघायचे. एकदा त्यांनी एका ट्रकवाल्याला विचारले, किती दिवस लागतात? तो म्हणाला, सहा, रस्ता चालू असेल तर. घरी येऊन अब्बांनी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात लाल पेन्सिलीने रेघ मारली. तेव्हापासून दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’.

पुढच्या वर्षी मुलींची लग्ने आली, घराचे कर्ज आले. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा अम्मी-अब्बा हजला गेले. ते आधी व्हायला हवे होते, याबद्दल घरात दुमत नव्हते. मग २२ जुलै २०२१ चा महापूर आला. वाशिष्ठीचे पाणी माळ्याखाली दोन हात उरेपर्यंत चढले आणि नकाशाच्या पुस्तकाचा लगदा झाला. त्यानंतर अब्बांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, लायसन्सचे नूतनीकरण त्यांनी स्वतःच केले नाही आणि श्रीनगरचे नाव काढणे बंद केले. हे बंद होणे आम्हाला जास्त लागले.

पैशाचा प्रश्नही आला. फिरण्यावर एवढा खर्च म्हणजे इस्राफ नाही का, असे एका मामांनी विचारले. जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद कुरआनात वारंवार आली आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर आपल्याकडे लग्नाच्या एका जेवणावर याच्या चौपट उडतात, तेव्हा कुणी इस्राफ हा शब्द काढत नाही. येऊन-जाऊन डिझेलचे तीस हजारांच्या आसपास झाले. टोल आणि मुक्काम निराळे.

दिवाळीच्या सुट्टीला लागून आम्ही निघालो. आम्ही दोघे, अम्मी-अब्बा आणि आठवीतली मुलगी. गाडी आम्ही दोघांनी आळीपाळीने चालवायची, दोन तासांनी थांबायचे, अंधार पडल्यावर चालवायचे नाही, एवढे तीन नियम. आमच्यातली एक सोलापूरची, गाडी लग्नानंतर शिकलेली. ती स्टिअरिंगवर असली की शेजारी बसलेल्या अब्बांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. कुंभार्ली घाटात तोंडाने काही बोलले नाहीत, पण प्रत्येक वळणावर पाय चालू. पुण्याच्या पुढे पाय थांबला. अजिंठ्याचा घाट उतरताना ती चालवत होती आणि अब्बा शेजारी घोरत होते. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या हातात गाडी असताना झोपतो, यापेक्षा मोठा बिल्ला नाही.

शिदोरी दोन घरांची होती. चिपळूणकडून तांदळाच्या भाकऱ्या, सुके मटण आणि जवळ्याची चटणी. सोलापूरकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पहिली बाजू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपली. कडक भाकरी पंजाबपर्यंत पुरली.

महाराष्ट्र सोडल्यावरचे पहिले मोठे गाव बऱ्हाणपूर. इथे थांबायचेच, हे मुलीने ठरवले होते, कारण मुमताज महल गेली ती इथे. १६३१ च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केले आणि सुमारे सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस आम्ही साधारण तिच्याच दिशेने जाणार होतो. फारुकी राजांच्या काळातल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. तो आम्ही बराच वेळ बघत उभे राहिलो. अब्बांना मात्र खरे भुरळ घातली ती कुंडी भंडाऱ्याने. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणले. वर विहिरींसारख्या कुंड्यांची रांग दिसते, खाली एकीतून दुसरीत वाहणारे पाणी. आपल्या गावात पुराचे पाणी कुठून कुठे जाईल ते आज कळत नाही, यांनी चारशे वर्षांपूर्वी उतार मोजला, असे अब्बा म्हणाले आणि बाहेर येऊन मावा जिलेबी खाल्ली. साखरेची गोळी आधीच घेतली होती, असे त्यांचे म्हणणे.

पुढे असीरगड, मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदा, इंदूर, भोपाळ. भोपाळची ताजुल मसाजिद शाहजहां बेगमने सुरू केली आणि ती पूर्ण व्हायला १९८५ उजाडले. अम्मी म्हणाल्या, म्हणजे आपल्यापेक्षा उशीर लागलेले लोक आहेत.

नमाजेचे आमच्या गाडीत दोन कायदे होते. मुसाफिराला चार रकातींच्या फर्जऐवजी दोन, हे सगळ्यांना सारखे. पण कोकणातले आम्ही शाफई. जोहर आणि असर एकत्र, मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची आम्हाला सवलत आहे. सोलापूरचे माहेर हनफी, तिथे प्रत्येक नमाज आपापल्या वेळेला. म्हणून अम्मींचे दोन थांबे असत तिथे सुनेचे चार. पेट्रोल पंपामागची जागा, एखादे शेत, ढाब्याची खाट. कुणी हटकले नाही. ग्वाल्हेरच्या अलीकडे एका शेतकऱ्याने पंप चालू करून वजूला पाणी दिले आणि हात धुवायला साबणही आणून ठेवला.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायला हवे. नाव सांगू नका, अब्बांना टोपी काढायला सांगा, असा सल्ला निघताना मिळाला होता. आम्ही अब्बांना तसे सांगितले नाही. सांगण्याची हिंमत नव्हती आणि इच्छाही. वाटेत एका गावी लॉजवाल्याने खोल्या आहेत म्हटले, आधार कार्डे बघितली आणि मग खोल्या नाहीत म्हटले. कारण त्याने दिले नाही, आम्ही विचारले नाही. मुलीने मात्र गाडीत बसल्यावर विचारले, आणि त्याला काय उत्तर द्यावे यावर आम्ही दोघे वीस किलोमीटर गप्प होतो. अब्बा म्हणाले, “एस.टी.त चाळीस माणसं असतात, बेटा. एक जण कंडक्टरशी भांडतो, एकोणचाळीस खिडकीबाहेर बघतात. म्हणून गाडी कोण थांबवतो का?” पुढच्या गावातल्या लॉजच्या मालकीणबाईंनी रात्री दहाला अम्मींसाठी खिचडी टाकली. दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकावी असे वाटत नाही.

चंबळ ओलांडून आग्रा. ताज शुक्रवारी पर्यटकांना बंद असतो, हे आधी बघून दिवस लावला होता. बऱ्हाणपूरची बाग बघून आलेल्याला ताज वेगळा दिसतो, एवढेच लिहितो.

दिल्ली आम्ही बाहेरूनच टाळली. खरा रस्ता अब्बांना त्यानंतर मिळाला. दिल्लीहून जालंधरकडे जाणारा हा मार्ग मोठ्या प्रमाणात जुन्या जी.टी. रोडचाच. शेरशाह सूरीचे राज्य १५४० ते १५४५, अवघी पाच वर्षे, आणि तेवढ्यात त्याने हा रस्ता नीट करून सराया बांधल्या. पानिपत-कर्नालच्या पट्ट्यात मुघलांच्या काळातले कोसमिनार अजून उभे आहेत. विटांचे, पुरुषभर उंचीच्या कितीतरी पट, दर कोसाला म्हणजे साधारण तीन किलोमीटरला एक अशा हिशेबाने बांधलेले. बरेच गेले. अब्बा गाडीतून बोट दाखवत, “हे त्यांचे किलोमीटरचे दगड.”

पानिपतला मराठी माणूस न थांबता पुढे जाऊ शकत नाही. काला आमच्या स्मारकापाशी आम्ही गेलो. भाऊसाहेबांचे सैन्य १७६० मध्ये बऱ्हाणपूर, ग्वाल्हेर असेच वर आले होते आणि १४ जानेवारी १७६१ ला इथे संपले. त्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीच्या हाती होता. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. मुलीच्या इतिहासाच्या वहीत त्याचे नाव होते, एका ओळीत. तिने तिथे बसून वहीत आणखी अर्धे पान लिहिले. आम्ही घाई केली नाही.

सरहिंदला शेख अहमद सरहिंदींच्या रौजा शरीफवर फातिहा पढून जवळच्याच फतेहगढ साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. डाळ, रोटी, खीर. वाढणारे सरदारजी अब्बांच्या वयाचे आणि तेही निवृत्त बसचालक निघाले, पंजाबच्या सरकारी बसवरचे. मग काय, जेवण अर्ध्या तासाचे, गप्पा दीड तासाच्या. घाटात गाडी कोणत्या गिअरवर उतरवावी यावर दोघांचे एकमत झाले : ज्यावर चढवली त्यावर.

लखनपूरला जम्मू-काश्मीरची हद्द लागली आणि आमचे दोन फोन बंद पडले. बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. हे माहीत असल्याने एक फोन आधीच पोस्टपेड करून घेतला होता. जाणाऱ्यांनी हे घरूनच करावे. जम्मूनंतर डोंगर सुरू होतात. चेनानी-नाशरीचा बोगदा नऊ किलोमीटरहून लांब आहे. तो पार केला की चिनाबच्या काठाने रामबन. आणि तिथे रस्ता बंद.

आदल्या रात्री पाऊस झाला होता, वरून दगड येत होते. समोर ट्रकांची रांग, मागे ट्रकांची रांग, खाली नदी. पोलीस म्हणाले, दगड थांबले की सोडू. चार तास झाले, पाच झाले. आम्हा दोघांच्या पोटात गोळा. अम्मींचा तसबीहवर हात. अब्बा मात्र तिकडे उतरून ट्रकवाल्यांत मिसळले होते. पलीकडून आलेले सफरचंदाचे ट्रक रांगेत अडकलेले. हंगाम भरात होता, उशीर झाला तर माल नासतो. ‘रस्ता चालू असेल तर’ म्हणजे काय, ते अब्बांना चाळीसेक वर्षांनी रामबनला कळले. एका तरुण ट्रकवाल्याने त्यांच्या दोन्ही खिशांत सफरचंदे कोंबली आणि पैसे घेतले नाहीत. ड्रायव्हर ड्रायव्हरकडून घेत नाही, म्हणाला.

असरच्या वेळी आम्ही दोघे बाजूला गेलो आणि परतलो तेव्हा अब्बा आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. गाडी बंद. त्यांनी आरसा आपल्या उंचीला लावून घेतला होता. क्लच एकदा दाबला, सोडला. मागे बसलेली मुलगी काही बोलली नाही, आम्हीही नाही. पुढचा ट्रक हलला तसे ते स्वतःच उतरले, पलीकडच्या बाजूने येऊन आपल्या जागी बसले आणि म्हणाले, “आता हळू. दगडावर टायर घालू नको.” बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा त्यांनी पूर्ण जागे राहून पाहिला. बाहेर पडलो तर सपाट खोरे आणि चिनारांचा लाल रंग.

पांपोरला केशराची शेते फुललेली होती. जांभळी फुले, आणि ती पहाटे खुडणाऱ्या बायका. एका फुलातून केशराच्या फक्त तीन काड्या निघतात, हे अम्मींनी स्वतः मोजले आणि मग भाव ऐकून घासाघीस केली नाही. श्रीनगरला पोहोचलो तेव्हा मुलीच्या वहीत २,७४० किलोमीटर नोंदले गेले आणि घर सोडल्याला नववा दिवस होता.

तिथे आम्ही सात दिवस राहिलो. हजरतबलला जुम्मा मिळाला, जामा मशिदीतले देवदाराचे उंच खांब मुलीने मोजायला घेतले आणि शंभरानंतर सोडून दिले. शाफईंना चार दिवसांहून जास्त मुक्काम ठरला की नमाज पूर्ण, हनफींना पंधरा दिवसांपर्यंत कसरच. त्यामुळे एकाच खोलीत अम्मी चार रकाती पढत होत्या आणि सून दोन. अम्मी सलाम फेरून बघायच्या तर सुनेने चहा टाकलेला असायचा.

परतीला आम्ही जयपूर-उदयपूरचा रस्ता धरला, कारण तो अब्बांनी पाहिला नव्हता. डेपोतल्या जुन्या सोबत्यांसाठी त्यांनी अक्रोड घेतले होते. ते वाटायला घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बसस्टँडवर गेले.