पहिल्या मीटिंगचा पत्ता

दारू सोडायची ठरवलेल्या माणसाला सगळ्यात जड जाते ती संध्याकाळ. कामावरून सुटायची वेळ, नेहमीचा नाका, नेहमीची मंडळी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या बऱ्याचशा मीटिंग नेमक्या याच वेळेला भरतात. मुंबईत कितीतरी ग्रूप महापालिकेच्या शाळांमध्ये नाहीतर चर्चच्या आवारात जमतात. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं बसतात. एकेक जण आपलं नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक' म्हणतो आणि स्वतःवर गुदरलेलं बोलतो. त्याला मध्ये कोणी तोडत नाही. आडनाव कोणी विचारत नाही, फी नाही. शेवटी पेटी फिरते, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकावं. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

एएची सुरुवातच मुळी शोधाशोधीतून झाली. 1935 साली बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्यासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिनेच झालेले, त्यात व्यवहार फिसकटला. हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली: मला बोलायला दुसरा एखादा दारुडा गाठून द्या. त्यातून भेटले डॉ. बॉब स्मिथ, स्वतः दारूत बुडालेले सर्जन. दोघं तासन्‌तास बोलत बसले. त्या बोलण्यातून उभी राहिलेली ही चळवळ 1957 साली भारतात पोचली.

आपल्याकडे मीटिंग शोधायचा सरळ मार्ग म्हणजे एएच्या भारतातल्या वेबसाइटवरची शहरवार यादी आणि तिथला हेल्पलाइन नंबर. फोन उचलणारा बहुधा स्वतः या वाटेनं गेलेलाच असतो, त्यामुळे आडपडदा ठेवायचं कारण नाही. त्याला विचारावं, ग्रूप मराठीत बोलतो की हिंदी-इंग्रजीत? मीटिंग ओपन आहे की क्लोज? ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, क्लोज फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. आणि जागा अजून तीच आहे ना, हे आवर्जून विचारावं. शाळेत परीक्षा किंवा निवडणुकीचं काम निघालं की वर्ग मिळत नाही, आणि मोठ्या हिमतीनं आलेला माणूस बंद फाटक बघून माघारी फिरतो. तो पुन्हा येईलच असं नाही. म्हणून 'फाटकापाशी कोणी भेटेल का' असंही बेलाशक विचारावं. भेटतात.

फोन लावण्याआधी एक गोष्ट मात्र डॉक्टरांशी बोलावी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असा धोका असतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. हे दिवस औषधांच्या आधारानं काढायचे असतात. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. जवळचं उपचार केंद्र तिथून कळतं.

व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्यांनाही मीटिंग लागतेच, असं माझं ठाम मत आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणनं हे फार आधी ओळखलं. घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याचे गट आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. एएच्या बाजूला घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. बिलची पत्नी लोइस हिनं 1951 मध्ये तिची पायाभरणी केली. नवरा मीटिंगला जायला तयार नसला, तरी बायको, आई, मुलगा यांनी तिथं जावं. त्यांना त्याच्या होकाराची वाट बघायची गरज नाही.

एएच्या मीटिंगचा उपयोग होतो का? वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, एएकडे नेणारे पद्धतशीर उपचार इतर नावाजलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडे अडचण निराळीच आहे. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकानं कसली तरी मदत घेतली होती.

पहिली मीटिंग आवडली नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ. एका ग्रूपमध्ये प्रार्थना खटकते, दुसऱ्यात सगळेच वयस्क निघतात. वेगवेगळ्या ठिकाणी पाच-सहा वेळा तरी बसून बघावं आणि मग ठरवावं. मध्येच पुन्हा प्यायलं गेलं, ज्याला तिथं 'स्लिप' म्हणतात, तरी सभासदत्व जात नाही. त्याच रात्री फोन करावा, दुसऱ्या दिवशी जाऊन बसावं.

लहान गावात 'कोणी बघेल' ही भीती खोटी नाही. मग शेजारच्या तालुक्याचा ग्रूप गाठावा, एसटीनं तासभर लागला तरी चालेल. बाईमाणसाची कुचंबणा तर याहून मोठी. बायकांची वेगळी मीटिंग आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावं. कुठंच जमत नसेल, तर आता फोनवर ऑनलाइन मीटिंगही चालतात. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसलं, तरी चालतं.