कुडा काळा की पांढरा?

मलकापूर मागे टाकून आंब्याच्या वाटेला लागलं की उसाचे फड विरळ होतात आणि रान सुरू होतं. विशाळगड, आंबा घाट, चांदोलीच्या जंगलाची कड, मधूनमधून जांभ्याचे उघडे सडे. शाहूवाडी तालुक्याच्या या पश्चिम अंगाला झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. हे लोक शिकतात कसे, हा प्रश्न आयुर्वेदाच्या चर्चेत फारसा कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून आहे.

कुड्याचंच घ्या. आव पडली तर पांढऱ्या कुड्याची साल देतात. तिच्यातलं कोनेसिन नावाचं द्रव्य आवेच्या जंतूंवर चालतं, हे रसायनशास्त्रानंही दाखवलं आहे. पण त्याच रानात काळा कुडाही असतो. नावावर जाऊ नये, फुलं दोघांचीही पांढरीच. चीक दोघांना, पानं दोघांची समोरासमोर, शेंगाही जोडीनं. फरक असा की पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्ट्या लोंबतात, तर काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात. शेंगा नसतील तेव्हा साल दाताखाली धरायची. पांढऱ्याची जहर कडू लागते. बाजारातही एकाचं बी कडू इंद्रजव, दुसऱ्याचं गोडे इंद्रजव.

हे वाचायला मिनिट लागतं, पण डोळ्यांत बसायला पुरं वर्ष जातं. कारण कुडा फुलतो उन्हाळ्यात आणि शेंगा वाळतात थंडीत. म्हणून शिकणाऱ्याच्या हाती लगेच औषध येत नाही. आधी जाणत्याच्या मागं रानात हिंडायचं, मुळी खणायची, साल काढायची. खोडाच्या सगळ्या बाजूंनी साल सोलली तर झाड वाळतं, म्हणून एकाच अंगानं थोडी काढायची. मात्रा आणि पथ्य त्यानंतर.

वा. ग. देसाईंचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ सालचा. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा यादव-सरदेसाईंचा ग्रंथ २००२चा. दोन्ही मोलाचे, पण ओला पाला हातात घेऊन दाखवणारं माणूस त्यांच्या जोडीला लागतंच. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद कुणीही जिंको, त्याच्या मुळाशी वेल ओळखण्याचाच प्रश्न होता.

औषधाचं नाव सांगितलं की गुण जातो, हा समज मात्र मला घातक वाटतो. नाव दडवल्यानं विद्या म्हाताऱ्याबरोबरच जाते आणि चुकीची मुळी दिली गेली तर ती पकडणाराही कुणी उरत नाही. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं, ते जीव घेऊ शकतं. तिथं गुपित ठेवणं परवडत नाही. आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी काही डसलं तर पाला चोळत बसायचं नाही, माणूस थेट सरकारी दवाखान्यात न्यायचा. विषावर उतार प्रतिसर्पविषाचाच. जो वैदू हे स्वतःहून सांगतो, त्याचं शिक्षण पुरं झालं असं मी मानतो.

कायद्यात या माणसाची जागा अडचणीची आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१चा. नोंदणीशिवाय वैद्यकी केली तर गुन्हा. नोंदणीसाठी पदवी हवी: साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर आंतरवासिता. उलट २००२चा जैवविविधता कायदा परंपरेनं औषध देणाऱ्या वैदू-हकिमांचा नाव घेऊन उल्लेख करतो आणि वनस्पती वापरण्याआधी मंडळाला कळवण्याच्या अटीतून त्यांना सूट देतो. एका कायद्याला ज्याची विद्या दिसते, त्यालाच दुसरा बोगस ठरवतो. पदवीची अट सैल करा असं मी म्हणणार नाही. रोगनिदान हे पदवीधराचंच काम. पण वनस्पती ओळखणाऱ्याला ओळखणारा म्हणून मान्यता द्यायला काय हरकत आहे?

कारण बाजार थांबलेला नाही. १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. १९७२ साली ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं. त्यापासून पुढं कर्करोगावरची औषधं निघाली आणि उग्र वासाच्या या झाडावर चोरट्या तोडीची कुऱ्हाड पडली. दुसरीकडे चांदोलीचं अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तशी आतली गावं उठली. नव्या वसाहतीत घर मिळतं, शेत मिळतं. आजोबांनी दाखवलेली झाडं मात्र कुंपणाच्या आत राहतात. नातवाला शिकवायचं कुठं?

गावागावांत लोक जैवविविधता नोंदवह्या कराव्या लागतात. त्यांत वनस्पतीचं नाव आणि उपयोग लिहितात. त्याला जोडून गावातल्या जाणत्याला मानधन द्यावं, आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत त्याच्याबरोबर रान हिंडावं, आणि परीक्षेला दोन्ही कुड्यांच्या साली नुसत्या समोर ठेवाव्यात, नावाची चिठ्ठी न लावता.